पहिला कप खरा की तिसावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एप्रिलच्या शेवटी तुम्ही दोन चहा आणलेत. एक दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा, १०० ग्रॅम, बिनदुधाचा प्यायला. दुसरा आसामचा दाणेदार, पाव किलो, घरातल्या रोजच्या चहाला. दार्जिलिंगच्या पहिल्या कपाला तुम्ही ‘असा चहा आजवर प्यायलोच नव्हतो’ म्हणालात आणि जूनअखेर त्याच पाकिटातला चहा तुम्हाला ‘गवताचं कोमट पाणी’ लागतोय. आसामचं उलटं झालं. पहिल्या दिवशी तो घशाला धरला, पण आईनं तोच करणं चालू ठेवलं आणि आता ऑफिसातल्या मशीनचा चहा पिताना तुम्हाला घरच्या त्या चहाची आठवण येते. तुमचं मत तेव्हा चुकलं होतं की आता चुकतंय, आणि पुढच्या वेळी कुठल्या कपावर विश्वास ठेवायचा, हे तुम्हाला हवंय.

मी २४ वर्षं पेठेतल्या सुट्या चहाच्या दुकानात बसते. आधी सासरे बसायचे, आता मी. हा प्रश्न गल्ल्यावर रोज या ना त्या रूपात येतोच. ‘ताई, मागच्या वेळचा चहा वेगळा होता’ म्हणून कुणी परत आलं की मी आधी जिभेबद्दल बोलतच नाही. कारण यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. चहा बदलला का, चहा करणं बदललं का, आणि पिणारा बदलला का. लोकांना तिसरा आवडतो, कारण त्यात गूढ आहे. उत्तर मात्र पुष्कळदा पहिल्या दोनांतच निघतं.

आधी दार्जिलिंग घेऊ. पहिला बहर म्हणजे हिवाळ्यानंतरची पहिली खुडणी, साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची. या पानाला भरपूर सुकवतात आणि त्याचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून काळं पडणं, कमी होऊ देतात. म्हणून कपात तो काळा न दिसता हिरवट सोनेरी दिसतो. त्याचं सगळं वैभव वासात आहे आणि तो वास फार हलका, उडून जाणारा. कारखान्यातून निघताना चहात जेमतेम तीनेक टक्के ओलावा असतो. तिथून पुढे तो हवेतलं पाणी ओढतच राहतो. ओलावा सहा-सात टक्क्यांच्या वर गेला की कप सपाट लागतो. आम्ही त्याला ‘फ्लॅट’ म्हणतो. आता तुमचा हिशेब करा. एका कपाला अडीच ग्रॅम धरले तर १०० ग्रॅमचे ४० कप. म्हणजे संपेपर्यंत पाकीट चाळीसेक वेळा उघडलं जातं, त्यातलं काही पुण्यात पाऊस सुरू झाल्यावर. पाकिटाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता की घट्ट झाकणाचा डबा होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चिमटा असेल, तर तुमच्या मताचा त्यात काही दोष नाही.

दुसरा संशय पाण्याचा. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी बोअरच्या पाण्याच्या मानानं मऊ. पण एप्रिल-मे-जून हे टँकरचे महिने. शहराच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्यांत तेव्हा बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते जड असतं. जड पाण्यात काळा चहा मंद पडतो, रंग काळपट येतो आणि वर तेलकट दिसणारी पातळ साय धरते. दुधाच्या चहात हे झाकलं जातं, बिनदुधाच्या दार्जिलिंगला झाकायला काहीच नसतं. तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याला आरओ असेल आणि चहाही त्याच पाण्याचा होत असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

आसामबद्दल माझा पहिला संशय तुमच्या आईवर आहे, आणि हे मी आदरानं म्हणतेय. तुम्ही पहिल्या दिवशी ‘कडू आहे’ म्हणालात. त्यानंतर त्यांनी अर्धा चमचा कमी केला असेल, पाच मिनिटं उकळायच्या जागी तीन मिनिटं उकळला असेल, दूध बोटभर वाढवलं असेल. आया हे सांगून करत नाहीत. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे ती जिभेपर्यंत कमी पोचतात. गाईच्या दुधाची पिशवी जाऊन म्हशीची आली, साडेतीन टक्के स्निग्धांशाच्या जागी सहाच्या आसपास आला, तरी तोच चहा मवाळ लागतो. तेव्हा तुमचं मत बदलण्याआधी कपच बदललेला असू शकतो. एकदा आईंना विचारा, मात्र ‘तेव्हा किती घालत होतीस’ असं विचारू नका, ते आता त्यांनाही आठवणार नाही. आजचा चमचा घरातल्या वजनकाट्यावर मोजा. दाणेदार चहाचा सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. दार्जिलिंगचं पान फुगीर, त्याचा तोच चमचा त्याच्या निम्म्यानंही भरत नाही कधीकधी. एकाच चमच्यानं दोन्ही मोजत असाल तर दार्जिलिंग पहिल्यापासून उपाशीच राहिलाय.

पाकिटातही एक गंमत असते. वाहतुकीत हलून बारीक दाणा तळाशी बसतो आणि बारीक दाणा झटकन आणि कडक उतरतो. त्यामुळे पाकिटाचा शेवट सुरुवातीपेक्षा कडक लागतो. तुमच्या बाबतीत कडक वाटणं कमी झालंय, म्हणून हे कारण मी बाद धरते. पण डबा महिन्यातून दोनदा उलटासुलटा करायची सवय चांगली.

हे सगळं ओळखायचा एक उपाय मी गिऱ्हाइकांना सांगते. सासरे त्याला साक्षीदार डबी म्हणायचे. नवा चहा घरी आला की त्याच दिवशी चार-पाच चमचे काढून छोट्या काचेच्या बरणीत गच्च भरायचे, झाकण घट्ट लावायचं आणि बरणी अंधाऱ्या, कोरड्या फडताळात ठेवून विसरायची. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की दव धरतं. महिन्याभरानं चालू डब्यातला चहा नकोसा झाला की साक्षीदार उघडायचा आणि दोन्ही एकाच पाण्यात, एकाच वजनाचे, एकाच वेळी करायचे. साक्षीदाराचा कप पहिल्यासारखा सुंदर लागला तर तुमचा डबा बिघडला. दोन्ही कप सारखेच कंटाळवाणे लागले तर बदललात तुम्ही. आता यंदा ती वेळ गेली, पण आसामचं पुढचं पाकीट आणाल तेव्हा हे करा.

आता तुम्ही. इथे मला जरा पसरून लिहावं लागेल.

चहाचा तुरटपणा ही खरं तर चव नाहीच, स्पर्श आहे. चहातली तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. जांभळं आठवा. पहिलं जांभूळ गोड, पाचवं बरं, पंधराव्याला जीभ टाळ्याला चिकटते. पंधरावं जांभूळ पहिल्यापेक्षा तुरट नसतं, तोंड तेवढं कोरडं होत गेलेलं असतं. चहाचंही घोटागणिक असंच होतं. एका घोटात जो तुरटपणा ‘तरतरीत’ वाटतो, तोच कप संपेपर्यंत साचत जातो. म्हणून एका घोटाचं मत आणि एका कपाचं मत वेगळं येतं.

चहा परीक्षणाच्या टेबलावर तर हे जाणूनच चालतात. तिथली पद्धत ठरलेली. आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं माप आहे. आपल्याकडचे परीक्षक बहुधा ५ मिनिटांवर थांबतात. असा कप कुणी आवडीनं पिणार नाही, इतका तो कडक होतो. तो प्यायचा नसतोच. चमच्यानं सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे जायचं. त्यानं चहांची आपसात तुलना होते, दोष उघडे पडतात. पण सोमवारी सकाळी साडेसहाला अर्धवट झोपेत तो चहा कसा लागेल, हे त्या टेबलावर कळत नाही. शिवाय रांगेत शेजारी कोण बसलंय त्यावरही कप बदलतो. कडक आसामनंतर लगेच दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा ओढा, बिचारा पाणीदार वाटतो.

हे मला पुस्तकातून नाही, नुकसानीतून कळलं. २०११च्या दिवाळीला मी एक खास मिश्रण केलं. आसामचा दुसऱ्या बहराचा दाणा, त्यात रंगाला बारीक प्रत आणि चमकेला थोडा निलगिरी. दुकानाच्या दारात थर्मास ठेवून छोट्या कागदी कपांतून घोटघोट चाखायला दिलं. जो तो वाहवा करत होता. आठवड्यात सगळा माल गेला आणि मी मनात पुढच्या वर्षीचे आकडे मांडायला लागले. महिन्याभरानं एकेक जुनं गिऱ्हाईक परत नेहमीच्या फॅमिली मिक्श्चरवर. कुणी तक्रार केली नाही, ते जास्त लागलं. शेवटी नारायण पेठेतल्या एका आजींना मीच छेडलं. त्या म्हणाल्या, “पहिला घोट छान आहे गं, पण कप संपेपर्यंत भांडत बसतो.”

चूक दुहेरी होती. एक तर मी घोट विकला होता, कप नाही. दुसरं, थर्मासमधला चहा मी तीन मिनिटांत उतरवला होता. घरोघरी तो आल्याबरोबर सात-आठ मिनिटं उकळत होता आणि बारीक प्रत एवढं उकळणं सहन करत नाही. तेव्हापासून मी दुकानात चहा चाखायला देत नाही. ५० ग्रॅमची पुडी देते, पैसे घेऊन. घरी न्या, आठवडाभर तुमच्या पातेल्यात, तुमच्या दुधात करा आणि मग सांगा. फुकट चाखायला न देणारी बाई म्हणून माझी थोडी ख्याती आहे, पुण्यात ती धंद्याला आडवी येत नाही.

कपाचा आकारसुद्धा मतात मोजायचा असतो. आपलं अमृततुल्य घ्या. पितळी पातेलं, ओगराळ्यानं सतत ढवळणं, वेलची, साखर सढळ, फडक्यातून गाळलेला आणि एवढ्याशा कपात. उभ्या उभ्या तीन-चार घोटांत संपतो आणि त्या मापात तो अगदी बरोबर आहे. तोच थर्मासमध्ये भरून ऑफिसात न्या आणि मोठा मग भरून प्या. अर्ध्यावर गोड मिट्ट होतं. अमृततुल्यवाल्यानं काही वेगळं केलेलं नाही, तुम्ही चार घोटांचा चहा बारा घोटांना लावलात. इराण्याकडचा चहा, उकळून ठेवलेल्या कोऱ्यात वरून दूध घातलेला, बन-मस्क्याबरोबर लागतो तसा नुसता लागत नाही. लोण्यानं तोंड आधीच मऊ केलेलं असतं. म्हणून ‘तिथला चहा भारी’ म्हणत तीच पावडर शोधायला माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते, चहा हवाय की ती जागा?

मग नाकाचा भाग. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला अत्तराचा वास येईनासा होतो. दार्जिलिंगच्या पहिल्या बहरात वास हाच मुख्य, अंगानं, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणानं, तो हलका. पहिल्या कपाला तुम्हाला नवल वाटलं, कारण चहातून फुलाचा वास येतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. विसाव्या कपाला ते माहीत झालेलं असतं. नवल उतरलं की खाली अंग लागतं, आणि या चहाला ते बेताचंच असतं. आसामचं उलट, त्याचं अंग भरभक्कम, माल्टसारखा दाटपणा, पण पहिल्या भेटीत पुढे येतो तो कडवटपणाच. तो सवयीचा झाला की मागचा दाटपणा दिसायला लागतो. म्हणून एक चढला आणि एक उतरला, यात मला विसंगती दिसत नाही. साखर सोडलेल्या माणसाला विचारा. पहिला आठवडा चहा काढ्यासारखा, महिन्यानं जुन्या मापाची साखर घातली तर तोंड वेडंवाकडं होतं. त्यात जीभ खोटी कधीच नव्हती.

मात्र ‘सवयीनं आवडलं’ म्हणजे नेहमीच चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. चहात कॅफीन असतं. ज्या चवीनंतर रोज तरतरी येते ती चव शरीराला आवडायला लागते, मग ती कशीही असो. माझ्या माहेरी चहाचा डबा गरम मसाल्याच्या डब्याला खेटून असायचा आणि चहा वास फार पटकन ओढतो. लग्नानंतर मी स्वच्छ, ताजा आसाम घेऊन गेले तर आई एक घोट घेऊन म्हणाली, “याला काही चवच नाही.” आम्ही तीस वर्षं दालचिनी-लवंगाचा वास चहाचा म्हणून प्यायलो होतो! ती आवड खरी होती, पण ती त्या चहाची नव्हती. सवय अशी दोषही लपवते. म्हणून रोजच्या चहाबद्दलचं मत तपासायचं तर मी आठ-दहा दिवस मध्ये दुसराच चहा पिते आणि मग परत येते. परतल्यानंतरचा पहिला कप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात नवल नसतं आणि सवय जरा ढिली झालेली असते. तुमच्या ‘कुठल्या कपावर विश्वास ठेवू’ला माझं उत्तर हेच. हे माझ्यापुरतं आहे, दिवसाला एकच कप पिणाऱ्याला दहा दिवस पुरणार नाहीत, महिनाही लागेल.

यासाठी एक वही ठेवते. त्यात चव लिहीत नाही, कारण चवीचे शब्द दुसऱ्या दिवशी मलाच कळत नाहीत. फक्त तीन गोष्टी: कप पूर्ण संपला का, लक्ष न देता संपला का, आणि पुन्हा करावासा वाटला का. २०११चं ते मिश्रण या वहीत पडलं असतं तर दुसऱ्या रकान्यातच अडकलं असतं. ते लक्ष मागत होतं. पाहुण्यांच्या चहानं लक्ष मागावं, रोजच्या चहानं मागू नये, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

आणि खरंच फरक कळतोय की नुसतं वाटतंय, ही शंका आली तर घरी हे करा. तीन सारखे कप घ्या. दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. कुठल्यात काय ते आईंनी कपाच्या बुडाला चिठ्ठी चिकटवून ठेवायचं, तुम्ही वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून लागोपाठ तीनदा करा. तिन्ही वेळा अंदाज बरोबर यायची शक्यता २७ मध्ये १. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात असाच प्रयोग मांडला आहे. दूध आधी घातलं की चहा आधी हे चवीवरून सांगते म्हणणाऱ्या बाईंसाठी आठ कप, चार असे आणि चार तसे, सरमिसळ करून. तिथे नुसत्या अंदाजानं सगळे जुळायची शक्यता ७० मध्ये १. मी स्वतः आमचेच दोन चहा ओळखताना दोनदा आपटलेय, तेही मुलीसमोर.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आसाम ठेवा. दोन महिने टिकलेली आवड आहे, फक्त एकदा दहा दिवस सोडून परत या. दार्जिलिंगला नावं ठेवू नका. उरलेला चहा कोरड्या बरणीत भरा, चमच्यानं न मोजता काट्यावर अडीच ग्रॅम मोजा, पाणी उकळून मिनिटभर थांबा, मग १५० मिलिलीटर ओता, तीन मिनिटांत गाळा. आणि रोज नको, रविवारी सकाळी एकदाच. तरीही गवतच लागला तर तो गेलेला आहे, त्यात आलं घालून उकळायचा मोह टाळा आणि गुलाबाच्या कुंडीत टाका. डबा कसला होता आणि जूनमध्ये पाणी कुठलं होतं, एवढं कळवा. आईंनी चमचा कधी कमी केला तेही, कबूल केलं तर.